कारणाची चिठ्ठी

बँकेत चेक परत करायचा झाला, तर आम्ही त्याला कारणाची चिठ्ठी जोडतो. 'शिल्लक अपुरी', 'सही जुळत नाही', जे असेल ते. चेक पन्नास रुपयांचा असो की पाच लाखांचा, चिठ्ठीवाचून जात नाही. खेळाडू मात्र बिनचिठ्ठीचे परत जातात!

पद्माकर शिवलकरांचंच पाहा. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. कसोटी सामने? शून्य! 2025 साली ते गेले, तोवर ते खातं काही उघडलं नाही. बरं, याला वशिला म्हणावं, तर त्या जागेवर साक्षात बिशनसिंग बेदी! पण दोन डावखुरे एकदम खेळवले असते, तर काय आभाळ कोसळलं असतं?

त्याआधी बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जात! चिठ्ठीवर लिहायला कोण धजणार? पुढं 1923 त त्यांचे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

बावड्यात बसून मुंबईच्या निवड समितीला नावं ठेवणं सोपं आहे, पण एकदा मीही निवड समितीत होतो. नदीपलीकडं अकलूजला टेनिस बॉलचे सामने होते. टीममध्ये जागा उरली एक. एकीकडं गावातला एक डावखुरा. त्याचा चेंडू टप्पा पडला, की बॅटला वळसा घालून जायचा. दुसरीकडं ट्रॅक्टरवाल्यांचा मुलगा. त्याच्या खेळाची जमेची बाजू एकच, ट्रॅक्टर. टीम ट्रॉलीतून जाणार होती. मी ट्रॅक्टर निवडला. आम्ही वेळेवर पोचलो आणि वेळेच्या बऱ्याच आधी हरून परत आलो. डावखुऱ्याला मी काहीच सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

परवा तो काउंटरवर आला. डाळिंबाच्या व्यापाऱ्यानं दिलेला चेक वटला नव्हता. मी तो चिठ्ठीसकट पुढं केला. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "सायेब, तुमची बँक बरी. न्हाई म्हणती, पर का, ते लिहून देती."

मी घाईघाईनं पुढच्या माणसाला हाक मारली. रांगेत मागं कुणीच नव्हतं.