‘द कस्टम-हाउस’ : मर्जीवरच्या नोकरीची गोष्ट

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीच्या आरंभी ‘द कस्टम-हाउस’ हे लांबलचक प्रकरण आहे. पुष्कळ वाचक ते ओलांडून थेट हेस्टर प्रिनच्या कहाणीकडे वळतात. मला मात्र ते स्वतंत्रपणे मराठीत यावेसे वाटते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची नोकरशाही यांच्यातले नाते इतक्या जवळून दाखवणारे ललित लेखन माझ्या वाचनात दुसरे नाही.

प्रकरणामागची हकीकत थोडक्यात अशी. १८४६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष पोल्क यांच्या कारकिर्दीत हॉथॉर्नला मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराच्या जकात कचेरीत ‘सर्व्हेअर’ची जागा मिळाली. १८४९मध्ये व्हिग पक्षाचे जनरल टेलर राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच ती गेली. टेलर यांचे हॉथॉर्नशी काही वैर नव्हते. सेलममधल्या व्हिग मंडळींनी वॉशिंग्टनकडे तगादा लावला, एवढेच. अधिकार राष्ट्राध्यक्षांचा, पण तो हलवणारे हात गावातल्या पक्षकार्यकर्त्यांचे. या बडतर्फीला हॉथॉर्न शिरच्छेदाची उपमा देतो आणि मुंडके उडालेल्या माणसाच्या थाटात पुढे लिहीत राहतो.

अनुवादकाची पंचाईत शीर्षकापासूनच सुरू होते. ‘जकातनाका’ म्हटले की रस्त्यावर ट्रकची रांग दिसते आणि ‘सीमाशुल्क कार्यालय’ म्हटले की सरकारी परिपत्रक. ‘सर्व्हेअर’ हा शब्द मराठीत जमीन मोजणाऱ्याकडे जातो. पण खरा पेच ‘पद’ या कल्पनेचा आहे, आणि तिथे मराठीजवळ चांगले शब्द आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे पद म्हणजे वतन. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९मध्ये मांडलेला युक्तिवाद मुळात वतनदारीविरुद्धचाच होता. सरकारी काम साधे असते, कोणताही शहाणा माणूस ते करू शकतो, म्हणून माणसे बदलत राहावीत. तत्त्व लोकशाहीचेच होते. व्यवहारात मात्र वतनाच्या जागी लूट आली. निवडणूक जिंकणाऱ्याने नोकऱ्या वाटाव्यात ही रीतच पडली.

त्या रीतीने कशी माणसे गोळा होतात, ते हॉथॉर्न दाखवतो. भिंतीला खुर्च्या टेकवून डुलक्या घेणारे म्हातारे कप्तान. साठ वर्षांपूर्वीच्या जेवणांच्या आठवणी चघळणारा इन्स्पेक्टर. ही व्यक्तिचित्रे धमाल आहेत आणि वाचकाच्या लक्षात तीच राहतात. पण त्याच प्रकरणात एक बिननावाचा कर्मचारीही आहे. लहानपणापासून याच कचेरीत वाढलेला, व्यापाऱ्याचा गुंता क्षणात सोडवणारा. नेमणुका लायकी पाहून होत नसल्याने अशा एकाच माणसावर सारा गाडा चालतो, हे हॉथॉर्नने नेमके टिपले आहे. माझ्या मते प्रकरणाचा कणा तोच आहे. पेंगणारी कचेरी ही मर्जीने भरलेल्या जागांची उपज आहे.

हॉथॉर्नची बाजू मात्र सरळ मान्य करता येत नाही. ज्या कुऱ्हाडीची तो तक्रार करतो, तिनेच त्याला जागा करून दिली होती. पुढे १८५२मध्ये त्याने आपला मित्र फ्रँकलिन पिअर्स याचे प्रचारचरित्र लिहिले. पिअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्न लिव्हरपूलचा वाणिज्यदूत. सरकारी आश्रयाने माणसाचे स्वतःचे बळ आटते, असे बजावणारा हा लेखक पुन्हा त्याच आश्रयाला गेला. प्रकरणातला उपरोध म्हणूनच थोडा सोयीचा वाटतो. तो व्यवस्थेवर हसतो, पण तिच्या बाहेर उभा राहत नाही.

या नाण्याची दुसरी बाजू १८८१मध्ये दिसली. चार्ल्स गिटोनेही गारफील्ड यांच्या प्रचारासाठी एक भाषण छापले होते आणि त्याच्या मोबदल्यात त्याला पॅरिसचे वाणिज्यदूतपद हवे होते. ते मिळाले नाही तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. एकाला बक्षीस मिळाले, दुसऱ्याला नकार. हिशेब दोघांचा सारखाच. गारफील्ड यांच्यानंतर आलेले चेस्टर आर्थर स्वतः न्यू यॉर्कच्या जकात कचेरीचे प्रमुख होते, याच लुटीच्या राजकारणात मुरलेले. ते प्रमुख असताना त्या कचेरीत हर्मन मेलव्हिल नावाचा एक निरीक्षक निमूटपणे काम करत होता. त्याने ‘मोबी-डिक’ हॉथॉर्नला अर्पण केली होती. १८८३मध्ये याच आर्थर यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. परीक्षा घेऊन नेमणूक, आणि पक्षासाठी वर्गणी दिली नाही म्हणून बडतर्फी नाही. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा या कायद्याखाली आल्या. पुढे व्याप्ती वाढत गेली.

हे जुने प्रकरण आज वाचायचे ते यासाठी. धोरणाशी संबंध येणाऱ्या कायम नोकरांना वेगळ्या वर्गात टाकून त्यांना काढणे सोपे करणारा आदेश ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२०मध्ये काढला. बायडन यांनी जानेवारी २०२१मध्ये तो रद्द केला. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी तो पुन्हा आणला. समर्थकांच्या डोळ्यांपुढे पेंगणारा इन्स्पेक्टर असतो, विरोधकांच्या डोळ्यांपुढे तो बिननावाचा कर्मचारी. समर्थकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. सनदेचेही हळूहळू वतन होते, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या संविधानाने अनुच्छेद ३१०मध्ये मर्जी ठेवली आणि लगेच ३११मध्ये तिला चौकशीचा लगाम घातला, तो याच पेचातून.

हॉथॉर्न या वादावर तोडगा देत नाही. पण मर्जीवरची कचेरी आतून कशी दिसते, ते त्याने तिथे बसून पाहिले आहे. सेलमच्या त्या इमारतीच्या दारावर एक गरुड आहे. लोक त्याच्या पंखाखाली ऊब शोधायला येतात आणि तो आज ना उद्या नख्या मारून त्यांना भिरकावतो, असे हॉथॉर्न म्हणतो. प्रश्न त्या भिरकावल्या जाणाऱ्यांचा आहेच. पण त्यांच्याबरोबर तो बिननावाचा माणूसही गेला, तर दुसऱ्या दिवशी बंदरात आलेल्या जहाजाचे कागद कोण पाहणार?