जीव वाचला, पुढे काय?

डॉ. वेस ईली यांचे ‘एव्हरी डीप-ड्रॉन ब्रेथ’ हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. आमच्या हाती ते उशिरा आले, आणि तेही वैद्यकाच्या आवडीने नव्हे. आमच्या सेक्शनमधील एक ज्येष्ठ सहकारी फुप्फुसाच्या विकाराने अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते. पुढे फिटनेस सर्टिफिकेट घेऊन ते कामावर रुजू झाले. आणि ज्यांच्या टिपणीत वीस वर्षांत खाडाखोड दिसली नव्हती, त्यांनी एकाच फाइलीवर तीच टिपणी दोनदा लिहिली. कचेरीने त्यांस मेमो दिला. आम्हीही मनातल्या मनात त्यांस आळशी ठरविले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

ईली हे अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अतिदक्षता-वैद्यकाचे काम करतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णास गाढ गुंगीत ठेवणे हीच दया, असे समजून आपण उमेदीची वर्षे घालविली आणि त्यापायी माणसे वाचली तरी मोडली, ही कबुली या ग्रंथाचा कणा आहे. मध्यंतरी त्यांची भाषा प्रवचनाकडे झुकते. परंतु स्वतःची चूक इतक्या उघडपणे मांडणाऱ्यास तेवढी मुभा असावी.

त्यांच्या म्हणण्यास आधार आहे. २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांच्या मंडळींचा ८२१ रुग्णांचा अभ्यास आला. (पहिले नाव पांढरीपांडे, नागपूरकडील वाचकांस आडनाव ओळखीचे वाटेल.) यांतील ७४ टक्के रुग्णांस रुग्णालयात भ्रम झाला होता. बारा महिन्यांनी तपासलेल्यांत शेकडा ३४ जणांची बुद्धी डोक्यास मध्यम इजा झालेल्यांइतकी उणी भरली. २४ जणांची तर सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतकी. भ्रम जितका अधिक दिवस, तितकी उणीव अधिक. आणि तरुणही यातून सुटले नाहीत.

आपल्याकडे सन्निपात म्हटला की बरळणारा, अंथरूण ओढणारा रोगी डोळ्यांपुढे येतो. शांत पडून राहणारा, हाकेस ओ न देणारा भ्रमिष्टही असतो, व तो कोणाच्या लक्षात येत नाही, हे ग्रंथकाराचे सांगणे फार मोलाचे आहे. त्यासाठी त्यांनी २००१ मध्ये एक कसोटी पुढे आणली. परिचारिका दहा अक्षरे उच्चारते. ‘ए’ ऐकू आला की रुग्णाने तिचा हात दाबावयाचा. पुढे प्रश्न येतो : दगड पाण्यावर तरंगतो काय? सेतुबंधाची कथा ऐकत वाढलेला आमचा एखादा म्हातारा ‘होय’ म्हणाला तर काय करावे, असे क्षणभर मनात आले!

थट्टा बाजूस ठेवू. आमचे सहकारी गुंगीतून जागे झाले तेव्हा मराठीतच बोलत होते. त्या परगावच्या रुग्णालयात ते कोणास कळेना. ‘असंबद्ध बडबड’ अशी नोंद झाली. सायंकाळी अर्धा तास भेटीस आलेल्या वहिनींनी सांगितले, “ते चष्मा मागताहेत.” आप्तांस रुग्णापाशी बसू द्यावे, असे ईली आग्रहाने लिहितात, परंतु परभाषेच्या मुलखात आजारी पडणाऱ्यास नातलग हा दुभाषीही असतो, ही बाजू आम्हांस हवी तेवढी या पुस्तकात मिळाली नाही. बदलीच्या गावी राहणाऱ्या वाचकांस ती अगोदर सुचेल.

उपायांविषयी मात्र ग्रंथकार भाबडे नाहीत. हॅलोपेरिडॉलने भ्रमाचे दिवस कमी होत नाहीत, हे २०१८ मध्ये त्यांच्याच मंडळींनी दाखविले. गुंगी कमी, झोप पुरी, चष्मा नाकावर, आणि रुग्णास लवकर उठवून चालविणे, हेच खरे उपचार. पुस्तकानंतर, २०२३ साली, शिकागोचा २०० रुग्णांचा अभ्यास आला : लवकर हालचाल करविलेल्यांत वर्षअखेर २४ टक्क्यांत बुद्धीची उणीव राहिली, इतरांत ४३ टक्क्यांत.

मेमोच्या उत्तराचा मसुदा आम्हीच केला, पुस्तकातील आकड्यांसह. सहकाऱ्यांनी तो सावकाश, दोन दिवस लावून वाचला आणि दोन शब्द बदलले. दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या.