अनुसूची चार आणि सासुरवास

कायदा हाही वाचण्याचा मजकूर असतो. पण कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांसाठीचा महाराष्ट्राचा 1971चा कायदा वकिलांखेरीज फारसा कुणी वाचलेला नाही. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या दहा अनुचित प्रथा दिल्या आहेत. पहिली कामावरून काढण्याची: सूडबुद्धीने, धडधडीत खोट्या कारणाने, गैरहजेरीचा बनाव रचून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून. मसुदाकारासमोर गिरण्यांचा अनुभव असावा. अमळनेरच्या प्रताप मिलमधल्या कामगाराला यातले काहीच समजावून सांगावे लागले नसते.

गंमत ‘बदली’ या शब्दाची. तिसरी प्रथा आकसाने बदली करण्याची, सहावी कामगाराला वर्षानुवर्षे ‘बदली’ म्हणूनच राबवण्याची. एकीत माणूस गावोगाव हलतो, दुसरीत कायम दुसऱ्याच्या जागी उभा राहतो.

पण रोजचा अपमान या दहांत नाही. पाचवीत पक्षपात आहे, दहावीत बळजबरी आणि हिंसा. चारचौघांत पाणउतारा करणे, काम काढून घेऊन नुसते बसवून ठेवणे, रजेचा अर्ज दाबून ठेवणे, यांना तिथे नाव नाही.

शाळांतही तेच. शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या सुंदरंबल खटल्यात 1988मध्ये ठरवले. खासगी शाळांतल्या शिक्षकासाठी आपल्याकडे 1977चा वेगळा कायदा आहे. न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते, पण केव्हा? बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती झाल्यावर किंवा बढतीत डावलल्यावर. संस्थाचालकाच्या घरच्या लग्नात पंगती वाढणारा शिक्षक धुळे-जळगावकडे कुणाला नवा नाही (आणि तो हसतमुखानेच वाढत असतो). त्याची नोकरी शाबूत आहे, म्हणून कायद्याला त्याचे काही ऐकू येत नाही.

घरातल्या छळाचे तसे झाले नाही. जात्यावरच्या ओव्यांनी सासुरवास पिढ्यान् पिढ्या सांगितला आणि 1983मध्ये 498-अ कलम आले. त्यात मनाला होणारी इजाही धरली गेली. नोकरीतल्या सासुरवासाची ओवी मात्र कुणी गायली नाही. 2013च्या कायद्यात कामाच्या ठिकाणची अपमानास्पद वागणूक आहे, पण ती स्त्रीच्या लैंगिक छळाशी जोडलेली.

आहे ते संरक्षणही सर्वांना नाही. 2001च्या सिप्ला निकालानंतर कंत्राटी कामगाराला, मूळ कंपनीने नाते नाकारले तर, आपण तिचेच नोकर आहोत हे आधी वेगळ्या कार्यवाहीत सिद्ध करावे लागते. जळगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराने ते कशाच्या बळावर करावे? अनुचित प्रथेविरुद्ध तक्रारीची मुदत 90 दिवस आहे. सबळ कारण दिल्यास उशीर माफ होतो, पण तो मागायलाही आधी त्या कंपनीचा कामगार ठरावे लागते.