वाया जायची मुभा

वर्गात ‘उचल्या’ हे आत्मकथन शिकवायला घेतलं की मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला असतो: सर, हे खरं हाय का? ‘कोसला’ कादंबरीच्या तासाला तो कधी येत नाही. पांडुरंग सांगवीकर खरा की खोटा याच्याशी पोरांना देणंघेणं नसतं. पुण्यात राहून त्यानं बापाचे पैसे कसे उडवले, यातच ती रमतात. गुन्ह्याचा शिक्का बसलेल्या घरात वाढणाऱ्या पोराची सणसणीत कादंबरी मराठवाड्यानं अजून का दिली नाही, याचं उत्तर मला या दोन तासांमधल्या फरकात दिसतं.

गोष्ट नाही असं नव्हे. गोष्ट आहे आणि ती लातूरचीच आहे. लक्ष्मण गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. ‘उचल्या’ 1987 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा उठला. पण पोलिसाला झोपडीचा रस्ता पाठ झालेला होता, तो कायद्याबरोबर कसा उठणार? ‘उचल्या’तलं घर त्याच रस्त्यावरचं: आजा पोलिसांकडे हजेरी देणारा, झडती कधीही येणारी, आणि पोरांना खिसा मारायला शिकवण्याआधी मार खायला शिकवणारं घर. पोलिसांनी कितीही बडवलं तरी तोंडातून नाव निघू नये म्हणून घरचीच माणसं आधी बडवून तयार करतात.

या पुस्तकातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र चोरीचा नाही, शाळेचा आहे. बाप लक्ष्याला, म्हणजे लहानग्या लक्ष्मणला, शाळेत घालतो. वस्तीतल्या पोरांना हगवण-उलट्या लागतात आणि जाणती माणसं निदान करतात: आपल्यात कुणी शाळेत जात नसतं, हा गेला म्हणून झालं. वाचणारा हसतो आणि हसता हसता अडकतो. कारण ज्या जगात चोरी रीतीची आहे, तिथं पाटी हाच गुन्हा, हे त्या माणसांच्या बाजूनं अगदी बिनचूक असतं. ही नजर कादंबरीकाराची आहे.

पुढे ती हरवते, असं माझं मत आहे. सूतगिरणी, कामगारांचे लढे, संघटना सुरू झाली की लक्ष्या मागे पडतो आणि कार्यकर्ता बोलू लागतो. मजकूर महत्त्वाचा आहे, पण पोरगं दिसेनासं होतं. हा एकट्या गायकवाडांचा दोष नाही. भीमराव गस्ती ‘बेरड’मध्ये चळवळीकडे जातात, किशोर शांताबाई काळे ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये डॉक्टर होतात. त्या पिढीचं आत्मकथन ही पांढरपेशा वाचकापुढे दिलेली जबानी होती. जबानी देणाऱ्याला शेवटी सुधारलेलं दिसावंच लागतं. सांगवीकर वाया जाऊ शकतो, लक्ष्याला ती मुभा नाही.

अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’त (1959) दुसरी वाट धरली होती. हजेरीच्या जाचातला मांगवाड्याचा पोर तिथं थेट वीर होतो, दुष्काळात लुटून माणसं जगवतो. त्या उंचीपुढे मान लवते. पण वीराला पोरपण फार वेळ परवडत नाही.

आणि जबानीतच खोड्या करता येत नाहीत, असंही नाही. 1554 मध्ये स्पेनमध्ये ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ नावाचं निनावी पुस्तक आलं. गिरणीवाला बाप लोकांच्या पोत्यांतलं धान्य काढताना पकडला जातो, तिथून पोराची कहाणी सुरू होते. तीही कुणा वजनदार माणसापुढे मांडलेली कैफियतच आहे. पण हे पोरगं खुलासा देता देता मालकांचं चोरतं, थापा मारतं आणि शेवटी सुधारतं की निर्ढावतं, हे वाचकावर सोडतं. हे आपल्याला जमण्यासारखं नाही का? भाषा तर आहेच. लातूर जिल्ह्यातल्याच रा. रं. बोराड्यांनी ‘पाचोळा’त (1971) शिंप्याच्या बायकोला तिच्याच बोलीत अख्खी कादंबरी सांगायला लावली, ती कुणापुढेही सफाई न देता.

शिवाय गुन्हा आता पालात राहिलेला नाही. एप्रिल 2022 मध्ये नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. 2024 च्या नीट पेपरफुटी प्रकरणात लातूरमध्ये जिल्हा परिषद शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. (त्यावरून मास्तर ही जमात गुन्हेगार आहे, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.) या बातम्या आमचे लेखक वाचतात आणि पुन्हा पाऊस, सोयाबीन, आत्महत्या यांच्याकडे वळतात. ते विषय खोटे नाहीत. पण नांदेड-लातूरच्या कादंबरीत आरोपीच्या घरात संध्याकाळी काय शिजतं, आई मोबाइल उचलण्याआधी कुणाकडे बघते, हे मी वाचलेलं नाही.

मला एक पोरगं दिसतं. लातूरला क्लासच्या खिडकीसमोर बापासोबत उभं. बापानं रबर लावलेली पाचशेच्या नोटांची गड्डी आत सरकवली आहे. कारकून बोटाला थुंकी लावून मोजतोय, मध्येच चुकतो, पहिल्यापासून सुरू करतो. पोरगं त्याच्या बोटांकडे बघतं आणि त्याला वाटतं, आपला बाप याच्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं मोजतो.