राज्याची शालेय ओळख : एक चिकित्सा

१ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याची पद्धतशीर ओळख बहुसंख्य मुलांना बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतून होते. २०१४ ते २०१८ या काळात आलेल्या पुस्तकांत चौथीत शिवचरित्र, सहावीत स्थानिक शासनसंस्था आणि आठवीत राज्यशासन असा क्रम आढळतो. वयोमानानुसार तो समर्थनीय असला, तरी इतिहास, भूगोल, शासन व अर्थव्यवस्था यांचा परस्परसंबंध त्यात गौण ठरतो, हे नमूद करणे आवश्यक आहे.

१९७२ चा दुष्काळ हे या संदर्भात बोलके उदाहरण होय. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश हा भूगोलाचा विषय. दुष्काळ हा इतिहासाचा. त्यातून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला कायद्याचे अधिष्ठान देणारा १९७७ चा कायदा हा नागरिकशास्त्राचा. आणि योजनेच्या निधीसाठी १९७५ मध्ये लागू झालेला व्यवसाय कर हा अर्थशास्त्राचा. शहरातील नोकरदाराच्या वेतनातून होणारी कपात आणि दुष्काळी गावातील मजुराचे काम यांना जोडणारा दुवा म्हणजेच राज्य होय. विषयांच्या विभागणीत नेमका हाच दुवा निसटतो.

परिणामी विद्यार्थी किल्ल्यांची नावे, नद्या व विधानसभेची सदस्यसंख्या पाठ करतो. परंतु गावात पाणी का नाही व त्याबाबत निर्णय कोण घेतो, हा प्रश्न त्याला परीक्षेबाहेरचा वाटतो. म्हणून प्रत्येक इयत्तेत किमान एक घटना चारही अंगांनी शिकविली जावी. राज्याविषयीचा अभिमान स्वागतार्हच आहे. मात्र आकलनाविना तो नागरिक घडवू शकत नाही.