काळा गेला, बैल राहिला

'मन्हा आंडोर जयगावले गयथा, काया बैल लई उना, आते वावरमा शे.'

धुळ्याच्या एसटी स्टँडवर सहज कानावर पडावे असे हे अहिराणी वाक्य. माझा मुलगा जळगावला गेला होता, काळा बैल घेऊन आला, आता वावरात आहे. ना अलंकार, ना म्हण. तरी ते सावकाश, शब्द चाखत ऐकावे. शरीरशास्त्र, भूगोल, मानवशास्त्र आणि इतिहास ही मंडळी एकाच बाजेवर बसून गप्पा मारताना ऐकू येतात, आणि ती बाज भाषाभ्यासाची असते.

आधी 'काया' ऐका. ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला टेकते आणि हवा दोन्ही कडांनी निसटते. तो टेका सुटला आणि जीभ नुसती टाळूकडे उचललेली राहिली, की कानाला य ऐकू येतो. म्हणून जळगावचे जयगाव, डोळ्याचा डोया. जळगावच्या पूर्वेकडची लेवा गणबोलीही हेच करते. दूर फ्रान्स-स्पेनमध्येही ल-जातीच्या ध्वनीचा असाच य झालेला आहे. तिथल्या बदलाशी खानदेशातल्या बदलाचे देणेघेणे नाही. नाते आहे ते जिभेचे आणि टाळूचे.

खरी नजाकत मात्र पुढच्या दोन शब्दांत आहे. 'काया'तला ळ गेला, पण 'बैल' आणि 'लई' यांतला ल जागचा हललेला नाही. असे का? संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ल पुढे मराठीत ळ झाला: 'काल'वरून 'काळा'. शब्दाच्या तोंडाशी असलेला ल वाचला. प्राकृतात जोडीने उभा असलेला ल्लही वाचला आणि पुढे एकेरी होऊन ल म्हणूनच राहिला: 'बइल्ल'वरून 'बैल'. अहिराणीने हात लावला तो फक्त ळला. १८७०च्या दशकात लाइपझिगचे तरुण भाषाभ्यासक ध्वनिबदलाचे नियम अपवादाशिवाय चालतात असा आग्रह धरत होते. त्यांना पदार्थविज्ञानासारखे नियम हवे होते. त्यांच्यासमोर हे तीन शब्द ठेवायला हवे होते. खडकाच्या थरांसारखा प्राकृतातला एकेरी-दुहेरी भेद इथे उघडा पडला आहे, आणि तोही बाजारातून आणलेल्या एका जनावराच्या रंगात आणि नावात!

आता प्रत्ययांकडे वळू. 'जयगावले' यातला -ले वऱ्हाडाकडे हात करतो. तिकडेही 'मले', 'तुले' असेच म्हणतात. 'वावरमा' यातला -मा आणि शेवटचे 'शे' मात्र गुजरातीच्या -मां आणि 'छे' यांचे सख्खे. एकाच वाक्याचे एक टोक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला. नकाशा उघडा: उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधे तापीचे खोरे. वऱ्हाडातून आलेली पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि ते पाणी पुढे सुरतेकडे जाते. भाषाभ्यासक योहानेस श्मिट याने १८७२मध्ये मांडले होते, की भाषेतले बदल पाण्यावरच्या तरंगांसारखे पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. या वाक्यातल्या प्रत्ययांनीही नदीचीच वाट धरलेली दिसते.

तरंगांच्या आधी वृक्ष होता. आउगुस्ट श्लायखरने भाषांचा वंशवृक्ष १८५३मध्ये काढला. डार्विनचा ग्रंथ आला १८५९मध्ये. मग आपले वाक्य कोणत्या फांदीवर बसवायचे? 'गयथा' म्हणजे 'गया' आणि 'व्हता' एका श्वासात मिसळलेले. 'गेला', 'आला' यांतला मराठी भूतकाळाचा ल इथे 'गयथा' आणि 'उना' या दोन्ही क्रियापदांत नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे (१९०५). खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी (१९०७). या सर्वेक्षणामागची युक्ती प्रयोगशाळेत शोभेल अशी होती: बायबलमधली उधळ्या मुलाची एकच कथा प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. मजकूर स्थिर ठेवला की जे बदलते ती निव्वळ भाषा.

त्या कथेत एका बापाला दोन मुलगे असतात, त्यामुळे मुलाचा शब्द पहिल्याच ओळीत हाती लागतो. अहिराणीत तो 'आंडोर'. मुलगी ती 'आंडेर'. मराठीत मुलगा-मुलगी हा फरक शब्दाच्या शेपटाला कळतो, इथे तो शब्दाच्या पोटात, ओ आणि ए यांच्यात आहे. नात्यांचे शब्द मानवशास्त्राचेही धन. इरावती कर्वे यांनी १९५३च्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेची मांडणी करताना भाषाभाषांतले असे शब्दच हाताशी घेतले होते. एका स्वराच्या फरकावर मुलगा आणि मुलगी तोलून धरणारी ही जोडी मला नेहमी सोनाराच्या तराजूसारखी वाटते.

इतिहासकाराला हे ऐकू येते का? धुळ्यापुरते उत्तर ठाम आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले, पण कागद जिथे संपतो तिथून पुढे ते शब्दांच्या मागे गेले. ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले, धातू आणि नामांच्या व्युत्पत्ती जमवल्या. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत; पण शब्द हाही दफ्तरातला कागदच, ही त्यांची नजर अजून ताजी आहे.

धुळ्या-जळगावच्या घरांत आजही शाळकरी पोराला 'काया नव्हे, काळा म्हण' असे दटावले जाते. प्रमाण मराठी त्याने जरूर शिकावी. पण दटावण्याआधी त्याला एकदा 'काया बैल' म्हणायला सांगा आणि बैलाचा ल नीट ऐका. ते पोर चुकत नाही. व्याकरणाचा एकही धडा न गिरवता ते फार जुना नियम बिनचूक पाळते आहे.