नाकाची साक्ष

मराठी माणसाचे नाक मोठे मानी! ते वर असते, कापले जाते, कधी मुठीत धरावे लागते. शहाणपणाचा ताठा असलेला त्याने कांदे सोलतो आणि भोचक माणूस ते नको तेथे खुपसतो. अब्रू, अहंकार आणि चौकसपणा असा सारा संसार आपल्या भाषेने या एका अवयवावर उभा केला; पण हे नाक मुळात वास घेण्यासाठी आहे, याची आठवण या वाक्प्रचारांपैकी एकालाही नाही. पुस्तकांतही नायिकेच्या वेणीतल्या फुलांचा दरवळ आणि पहिल्या पावसाचा मृद्गंध एवढ्यावर लेखकांचे नाक संतुष्ट असते. म्हणूनच एखादा लेखक सबंध निबंध नाकाला वाहतो, तेव्हा आपण कुतूहलाने पुढे सरसावतो.

असा एक निबंध ऑलिव्हर सॅक्स यांचा आहे. सॅक्स हे मेंदूच्या विकारांचे डॉक्टर. जन्म लंडनचा, १९३३ चा, आणि उभी कारकीर्द न्यूयॉर्कमधली. स्वतःच्या पत्नीला टोपी समजणाऱ्या गृहस्थाचे नाव मिरवणारे त्यांचे पुस्तक १९८५ साली निघाले आणि जगभर वाचले गेले. त्यातल्या या निबंधाला त्यांनी ऑडेन आणि इशरवूड यांच्या १९३५ च्या नाटकाचे नाव दिले आहे : ‘कातडीखालचा कुत्रा’.

हकीकत चटकदार आहे. स्टीफन डी. नावाचा बावीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी नाना उत्तेजक द्रव्यांच्या नादी लागलेला. एका रात्री त्याला स्वप्न पडते, की आपण कुत्रा झालो आहोत. जाग येते तेव्हा स्वप्न संपलेले असते, पण कुत्र्याचे नाक मागे राहिलेले असते! दवाखान्यात गेल्यावर वीस रुग्णांना तो दिसण्याआधीच केवळ वासावरून ओळखतो. भीती, समाधान, सारे त्याला हुंगता येते. रस्ता न् रस्ता, दुकान न् दुकान त्याला वासाने कळते. तीन आठवड्यांनी ही जादू ओसरते. सुटल्याचा आनंद होतो आणि काहीतरी अमोल गमावल्याची चुटपुटही लागून राहते.

गोष्ट म्हणून ही पहिल्या प्रतीची आहे. पण ती वाचून झाल्यावर दोन शंका मनात घर करतात.

पहिली शंका तिच्यामागच्या विचाराबद्दलची. वासाची तीव्रता म्हणजे पशुत्व, आणि सुधारलेल्या माणसाने ती मागे टाकली आहे, हे येथे जणू गृहीतच धरलेले आहे. हे मत एकोणिसाव्या शतकातले. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी माणसाच्या मेंदूतला वासाचा कंद उरलेल्या मेंदूच्या मानाने लहान पाहिला आणि माणसाची गणना वासात दुबळ्या प्राण्यांत केली. पुढे तेच वेदवाक्य झाले. २०१७ साली जॉन मॅकगॅन या अमेरिकन संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात या समजुतीची झडती घेतली. माणसाचा हा कंद मुळात लहान नाही, आणि त्यातल्या मज्जापेशींची संख्याही इतर सस्तन प्राण्यांच्या बरोबरीची आहे, असे त्यांनी दाखवून दिले. सॅक्स यांना दोष द्यावा असे नव्हे. नाकातले वास टिपणारे ग्राहक कोणत्या जनुकांतून घडतात, हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधले ते १९९१ मध्ये. त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले २००४ मध्ये. निबंध या साऱ्याच्या आधीचा. तरीही कातडीखाली कुत्रा शोधायला निघालेल्या लेखकाला तिथलाच माणूस दिसला नाही, एवढे म्हणावेच लागते.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. हा स्टीफन डी. आता प्रौढ डॉक्टर असून आपला स्नेही व सहकारी आहे, असे सॅक्स सांगतात. पुष्कळ वर्षांनी त्यांनीच उलगडा केला, की स्टीफन डी. म्हणजे ते स्वतःच! १९८५ साली एका डॉक्टरला आपल्या व्यसनाची कबुली उघडपणे देणे सोपे नव्हते, हे आपण समजू शकतो. मुखवटा घालणे हा तर कथाकाराचा हक्कच आहे. पण रुग्णकथा ही कथेहून वेगळी चीज आहे. तिचा सारा भार एका अलिखित करारावर असतो : मी तपासणारा आहे, मी पाहिले ते सांगतो आहे. तपासणारा आणि तपासला जाणारा एकच निघाला, की साक्ष उरते आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा कोणी उरत नाही. वीस रुग्ण वासावरून ओळखले, हे कुणी पडताळले?

गंमत अशी, की या निबंधातला खरा ऐवज त्याच्या शेपटाला जोडलेल्या टिपणात आहे. तेथे एक साधा माणूस भेटतो. डोक्याला मार लागून त्याची वासाची शक्ती समूळ गेली आहे. वास नावाची काही वस्तू आपल्याजवळ आहे याचा त्याने कधी विचारही केला नव्हता. ती गेली तेव्हा त्याला आंधळे झाल्यासारखे वाटले, जगण्यातली चवच गेली. काही महिन्यांनी सकाळच्या कॉफीला पुन्हा वास येऊ लागल्याचा त्याला भास होतो. मग तो हळूच पाइप ओढून पाहतो, आणि तिथेही तो जुना गंध! डॉक्टर कसून तपासतात. नाक अजून मुकेच आहे. स्मृतीनेच त्याच्यासाठी कॉफी उकळली होती. येथे ना कुत्रा, ना चमत्कार. पण दोन परिच्छेदांत एक अख्खे माणूसपण उभे राहते.

या माणसाचे दुःख समजायला थोडे शरीरशास्त्र हवे. वासाचे मज्जातंतू नाकाच्या छपराशी असलेल्या चाळणीसारख्या हाडाच्या बारीक भोकांतून वर मेंदूत जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटू शकतात. डोळ्यांचे आणि कानांचे निरोप थॅलॅमस नावाच्या ठाण्यातून पुढे जातात. वासाचा निरोप मात्र त्या ठाण्यावर हजेरी न लावता भावनांच्या आणि स्मृतीच्या दालनांत शिरतो. एका वासासरशी आजोळचे माजघर डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचे एक कारण हेच असावे. पण याच वाटेवर रोगही लवकर दिसतो. अल्झायमरच्या विकारात मेंदूच्या ज्या भागांना झळ आधी लागते, त्यांत वासाचे धागे पोहोचतात तो भागही आहे. जर्मनीच्या हायको ब्राक यांनी २००३ साली पार्किन्सनच्या विकाराच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हा वासाचा कंद त्यांनी पहिल्याच पायरीवर ठेवला. हात कापू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी नाक मंदावलेले असू शकते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो.

आता नाकाची एक पडताळलेली साक्ष पाहा. जॉय मिल्न या स्कॉटलंडमधल्या परिचारिका. आपल्या पतीच्या अंगाला वेगळाच, कस्तुरीसारखा उग्र वास येऊ लागल्याचे त्यांना जाणवले. नीट अंघोळ करत जा, म्हणून त्या त्याच्या मागे लागत. सुमारे बारा वर्षांनी त्याला पार्किन्सनचे निदान झाले. पुढे रुग्णांच्या मेळाव्यात तोच वास सगळीकडून आला, तेव्हा त्यांना उमगले. एडिंबरोच्या संशोधकांनी वापरलेले बारा सदरे त्यांच्यापुढे ठेवले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. सहाही रुग्ण त्यांनी ओळखले. चूक एकच झाली, एका निरोग्याला रुग्ण ठरवले. काही महिन्यांनी त्या माणसालाही तोच रोग निघाला! त्यातून त्वचेवरच्या तेलकट स्रावाचे पृथक्करण सुरू झाले आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. स्टीफनच्या तीन आठवड्यांच्या दिव्यापेक्षा मला हा संसारातला वाद अधिक थोर वाटतो. येथे नशा नाही, पशुत्व नाही. आहे ती एका बाईची आपल्या माणसाबद्दलची जाण.

तेव्हा सॅक्स यांच्या या निबंधाबद्दल माझा निवाडा असा : कुत्र्याचे स्वप्न जरूर वाचावे, पण जपून ठेवावे ते शेवटचे टिपण. वासाची अतिवृष्टी ही नवलकथा आहे. वासाचा दुष्काळ ही घराघरांतली, न बोललेली शोकांतिका आहे. २०२० च्या साथीत लाखो लोकांनी ती अनुभवली. अजून तिला लेखक मिळायचा आहे. मराठीला तर साधनांची वाण नाही : खमंग, खरपूस, करपट, कुबट, उग्र, घमघमाट! इतके शब्द असलेल्या भाषेला नुसता मोगरा आणि मृद्गंध शोभत नाही.

आणि हो, या चार दिवसांत घरातले कोणी वडीलधारे म्हणाले, ‘यंदा बेसन भाजल्याचा वासच येत नाही ग,’ तर ते हसण्यावारी नेऊ नका. घाबरूही नका, वय, सर्दी, नाकातली वाढ अशी साधी कारणेही पुष्कळ असतात. पण डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. नाकाची साक्ष फार हळू आवाजात होते. ती ऐकायला जवळचे माणूस लागते.